वस्तीच्या पैशाचा दाखला वस्तीनेच द्यावा

मार्च महिना लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. पंचायत समिती असो, बांधकाम उपविभाग असो की समाजकल्याण, सगळीकडे एकाच कागदाची घाई असते. त्या कागदाचे नाव उपयोगिता प्रमाणपत्र. बाबू लोक त्याला नुसते ‘यूसी’ म्हणतात. शासनाने दिलेला निधी ज्या कामासाठी दिला त्याच कामावर पूर्ण खर्च झाला, असा हा दाखला. तो वर गेला की पुढचा हप्ता खाली येतो. आता हा दाखला देतो कोण? ज्याने पैसा खर्च केला तोच! ज्या अभियंत्याने काम मोजले, ज्या ग्रामसेवकाने धनादेश फाडला, ज्या गटविकास अधिकाऱ्याने बिल मंजूर केले, त्यांच्याच सह्यांनी सिद्ध होते की पैसा योग्य मार्गी लागला. विद्यार्थ्यानेच पेपर लिहायचा, त्यानेच तपासायचा आणि त्यानेच निकाल लावायचा, अशी परीक्षा कोणत्याही शाळेत होत नाही. शासनात ती दरवर्षी होते.

आम्ही वकिली करतो आणि चळवळीतही आहोत. त्यामुळे असे दाखले आमच्या हाताखालून नेहमीच जातात. दलितवस्ती सुधार योजनेतून सिमेंटचा रस्ता झाला, नाली झाली, समाजमंदिराला कुंपण झाले, असे कागद सांगतो. गावात जाऊन पाहावे तर रस्ता आहे, पण तो बौद्धवाड्यात नसून दुसऱ्याच मोहल्ल्यात, एखाद्या पुढाऱ्याच्या दारापर्यंत गेलेला. कधी रस्ता वस्तीतलाच असतो, पण पहिल्या पावसात त्याची वाळू उघडी पडते. कधी एकच नाली दोन योजनांच्या नावावर दोनदा बांधलेली असते. अशा वेळी आपले कार्यकर्ते निवेदन देतात, धरणे धरतात. साहेब चौकशीचे आश्वासन देतात. चौकशी कोण करतो? त्याच कार्यालयातला, त्याच साहेबांच्या हाताखालचा दुसरा साहेब. मग अहवाल काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सरकारी पैशाच्या उधळपट्टीवर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले जातात. अमक्या मंत्र्याच्या बंगल्याच्या रंगरंगोटीवर इतके लाख, तमक्याच्या परदेश दौऱ्यावर इतके. ते लिहिले जावे, आमचा आक्षेप नाही. पण आंबेडकरी समाजाने या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे विहीर आहे, कार आहे, खासगी शाळेची फी भरण्याची ऐपत आहे, त्याच्या दृष्टीने सरकारी पैशाची नासाडी म्हणजे कर वाया गेला एवढेच. ज्याच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी दवाखाना आणि शिष्यवृत्ती याखेरीज काहीच नाही, त्याचा मात्र वाटाच गेला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पुरते ठाऊक होते. ते जसे कायदेपंडित होते तसेच, किंबहुना त्याआधी, अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ चा. सरकारचा पैसा कोणाकडून येतो, कोणत्या तिजोरीत जातो, कोणाच्या हुकमाने बाहेर पडतो आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागतो, याचा अभ्यास त्यांनी संविधान लिहिण्याच्या पंचवीस वर्षे आधी केलेला होता. म्हणूनच ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी जे सांगितले ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. हा अधिकारी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांपेक्षाही अधिक महत्त्वाची आहेत, असे त्यांचे मत होते. संसदेने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च होऊ नये आणि ज्या कामासाठी पैसा मंजूर झाला त्याव्यतिरिक्त तो खर्च होऊ नये, हे पाहणारा माणूस म्हणजे महालेखापरीक्षक. एवढ्यावर ते थांबले नाहीत. या अधिकाऱ्याला न्यायाधीशाइतके स्वातंत्र्य आपण देऊ शकलो नाही, स्वतःचा नोकरवर्ग नेमण्याचा पूर्ण अधिकारही त्याच्याकडे नाही, याबद्दल त्यांनी सभागृहातच नाराजी नोंदवली.

म्हणजे तपासणारा स्वतंत्र पाहिजे ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली गेली होती. संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये ती आहे. महालेखापरीक्षकाला न्यायाधीशाप्रमाणेच सहजासहजी काढता येत नाही, निवृत्तीनंतर त्याला सरकारी पद घेता येत नाही. पण त्याची निवड कोणी करावी? राष्ट्रपती करतात, म्हणजे मंत्रिमंडळ करते. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासनीस निवडतो. आणि अनुच्छेद १५१ नुसार राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे, पण किती दिवसांत, याची मुदत तेथे लिहिलेली नाही. दिल्लीत तर चौदा अहवाल सरकारदरबारी अडकून पडले होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि पुढच्या महिन्यात सरकार बदलल्यावर ते सभागृहात येऊ लागले. आपल्या राज्यात अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर ठेवण्याची रीतच पडली आहे. त्या दिवशी आमदार सामान आवरत असतात!

स्वतंत्र तपासणी नसली की काय होते याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या छातीवरच ते उभे आहे. आम्ही विदर्भातील सिंचन प्रकल्पांबद्दल बोलत आहोत.

हा जिल्हा कापसाचा, कोरडवाहू शेतीचा आणि शेतकरी आत्महत्यांचा. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा, म्हणजे २,१७७ कोटी रुपये, एकट्या सिंचनासाठी होता. बाभूळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प त्यातलाच. विचार चुकीचा नव्हता. पाणी आले तर शेतकरी जगेल. खुद्द बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोरे आणि हिराकुड यांसारख्या योजनांचा पाया घातला होता. आंबेडकरी माणूस धरणाचा शत्रू नाही.

पण पैसा आला आणि त्याच्या मागे कंत्राटदार आले. पाटबंधारे खात्यात एक शब्द फार प्रसिद्ध आहे, ‘सुप्रमा’. सुधारित प्रशासकीय मान्यता. मूळ मान्यतेत बसत नाही इतका खर्च वाढला की सुप्रमा घ्यायची. नियमाप्रमाणे ही अपवादाची गोष्ट. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळात २००९ साली अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांना अशा सुप्रमा मिळाल्या आणि त्यांची एकत्रित किंमत सुमारे ६,६७२ कोटींवरून सुमारे २६,७२२ कोटींवर गेली. वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. वीस हजार कोटींची वाढ, तीही विधानसभा निवडणुकीच्या वर्षात. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरील निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत सुमारे १,४०० कोटी होती. २००९ मध्ये ती दहा हजार कोटींच्या पुढे गेली. ज्या गावांची जमीन बुडायची होती ती तेव्हा जागेवरच होती, धरण उभे राहिलेले नव्हते, आणि किंमत मात्र सातपट झाली होती.

हे सगळे कोणाला दिसले नाही काय? दिसले. नंदकुमार वडनेरे समितीने ही किंमतवाढ तपासली. नाशिक येथे मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये शासनाला सविस्तर पत्र लिहून फुगवलेली अंदाजपत्रके आणि निकृष्ट कामे यांचा पाढा वाचला. नोकरीत असलेल्या अभियंत्याने असे पत्र लिहायला छाती लागते. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत तर सरकारच्याच आकड्यांनी घात केला. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले आणि ओलिताखालच्या क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के झाले, म्हणजे एक दशांश टक्का वाढले. सप्टेंबर २०१२ मध्ये आधी जलसंपदा खाते सांभाळलेल्या उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली, तिने हिशेब वेगळा मांडला आणि डिसेंबरात ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. त्या एका आकड्याने गोंधळ झाला म्हणून पुढे अनेक वर्षे आर्थिक पाहणीत ओलिताची टक्केवारी छापणेच बंद झाले. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडावे तसे.

महालेखापालांनी त्यांचे काम केले. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या व्यवस्थापनावरील त्यांच्या २०१४ च्या अहवालानुसार पाच महामंडळांकडे तेव्हा ६०१ प्रकल्प अपूर्ण होते. ते पूर्ण करायला ८२ हजार कोटींहून अधिक रक्कम लागणार होती आणि वर्षाला हाती येणारे भांडवली अनुदान साडेसात हजार कोटीही नव्हते. कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा, एवढ्या उधारीवर नवीन माल घ्यावा काय? तरी नवे प्रकल्प घेतले गेले. अपुऱ्या पैशाचे तुकडे करून सर्वांना थोडे थोडे द्यायचे, काम सुरू ठेवायचे, कालवा अर्धवट सोडायचा आणि पुन्हा सुप्रमा. धरण भरलेले आणि शेत कोरडे, हे चित्र त्यातून तयार झाले.

मग दोषींचे काय झाले? येथे मुद्दा सुरू होतो. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. २०१३ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षाचे नेते बैलगाडीतून पुरावे घेऊन या पथकापुढे गेले, त्याची छायाचित्रे सगळ्या पेपरांत छापून आली. २०१४ मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी सरकार बदलले आणि बैलगाडीवाले सत्तेत आले. डिसेंबरमध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी लागली. नागपूरच्या ‘जनमंच’ या संस्थेची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होतीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये या विभागाच्या महासंचालकांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन तत्कालीन जलसंपदा मंत्र्यांवर जबाबदारी येते असे सांगितले. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात भल्या पहाटे सरकार स्थापन झाले ते वाचकांना आठवत असेल. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, याच विभागाने यवतमाळ, वाशीम, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील प्रकल्पांच्या नऊ चौकश्या बंद केल्याचे पत्र बाहेर आले. या नऊ प्रकरणांचा माजी मंत्र्यांशी संबंध नाही, असे विभागाने तेव्हा सांगितले. आणि डिसेंबर २०१९ मध्ये, दुसरे सरकार आले असताना, त्याच विभागाच्या नव्या महासंचालकांनी नवे प्रतिज्ञापत्र दिले की मंत्र्यांवर जबाबदारी येत नाही.

कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आम्ही वकील म्हणून ती मर्यादा पाळतो. आमचा सवाल त्या प्रतिज्ञापत्रांबद्दल आहे. विभाग एक, फाइल एक, नियम एक, कायदा एक. तेरा महिन्यांत बदलले काय? खुर्चीवरचा अधिकारी बदलला आणि मंत्रालयातला मालक बदलला. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृहखात्याच्या अधीन आहे आणि गृहखाते सत्ताधाऱ्यांच्या हाती असते. पहिले प्रतिज्ञापत्र खरे की दुसरे, हे सामान्य माणसाने कसे ओळखायचे? दोन्ही वेळा सहीखाली अशोकस्तंभच होता. तपासणारा स्वतंत्र नसला की खऱ्या निर्दोषालासुद्धा निर्दोषत्वाचा विश्वासार्ह दाखला मिळत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यात २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ घातले गेले. पदाच्या निर्णयाबाबत साधी चौकशी करण्यापूर्वीही सरकारची परवानगी पाहिजे. चोराच्या घराची झडती घ्यायची तर चोराच्या थोरल्या भावाची चिठ्ठी आणा!

इथवर हजारो कोटींची गोष्ट झाली. आता आपल्या घरातल्या हिशेबाकडे येऊ.

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याच्या योजनांमधला वाटा वेगळा काढून ठेवायचा, हे धोरण सहाव्या पंचवार्षिक योजनेपासून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. अर्थसंकल्पात आकडा दिसतो. पण तो आकडा वर्षअखेर कोठे जातो? २०१० मध्ये दिल्लीत माहिती अधिकारातून उघड झाले की तेथील अनुसूचित जातींच्या निधीतले ७४४ कोटी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेकडे वळवले गेले. केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत ते मान्य करावे लागले. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. आमच्या वस्तीतल्या मायबहिणींनाही ते दीड हजार रुपये मिळतात आणि त्यांनी ते जरूर घ्यावेत. प्रश्न त्यांच्या हप्त्याचा नाही. सगळ्या राज्यासाठी असलेली योजना सगळ्या राज्याच्या पैशातून चालावी. वसतिगृहातल्या मुलाच्या ताटातून काढून त्याच्याच आईला वाढायचे आणि दोघांवर उपकार केल्याचे सांगायचे, याला कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे? आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये हा निधी वळवण्यावर बंधन घालणारे कायदे केले, तेलंगणाने २०१७ मध्ये केला, राजस्थानने २०२२ मध्ये. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणवणाऱ्या राज्यात चळवळ वर्षानुवर्षे तशा कायद्याची मागणी करीत आली आहे.

वळवलेला पैसा निदान दिसतो. न खर्चलेला पैसा दिसतच नाही. आणि आमच्या मते आपल्या समाजाची सर्वांत मोठी नासाडी तेथेच आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना घ्या. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन द्यायची, अशी ही २००४-०५ पासूनची योजना. दादासाहेबांच्या नावाला शोभेल अशीच ती आहे. २०१८ मध्ये अनुदान शंभर टक्के झाले, पण जमीन खरेदीची कमाल किंमत कोरडवाहूसाठी एकरी पाच लाख आणि बागायतीसाठी आठ लाख ठरली. रस्त्यालगतची, पिकणारी जमीन त्या भावात द्यायला कोण बसला आहे? मग विक्रीला येते ती खडकाळ, नाल्याकाठची, वाद असलेली. समिती ती नाकारते आणि ते बरोबरच करते. निधी पडून राहतो, मार्चला परत जातो. यात कोणी एक रुपया खाल्ला नाही, सगळ्या सह्या बरोबर आहेत, लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायला जागा नाही. आणि शेतमजूर शेतमजूरच राहिला. खर्च झालेल्या पैशाची चौकशी करणारे दहा आहेत, न झालेल्या पैशाची चौकशी करणारा एकही नाही.

आपल्या नावाने स्थापन झालेल्या महामंडळांबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. महालेखापालांचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की त्यांचे वार्षिक हिशेबच वेळेवर तयार होत नाहीत. हिशेबच नाही तर तपासणार काय? मातंग समाजाच्या उन्नतीसाठी निघालेल्या अण्णाभाऊ साठे विकास महामंडळात कोट्यवधींच्या अपहाराचे प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आले आणि तत्कालीन अध्यक्ष असलेल्या आमदारालाच अटक झाली. तो आमदार परका नव्हता. आपला माणूस खुर्चीवर बसला की हिशेब आपोआप चोख होतो, हा भ्रम आपण टाकून दिला पाहिजे. बाबासाहेबांनी माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही, म्हणून तर त्यांनी संविधानात अनुच्छेद लिहिले.

गावपातळीवर तपासणी नाही असे नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग आहे, त्याचा कायदा १९३० चा. तो वित्त विभागाखाली येतो, जिल्हा परिषदेच्या हाताखाली नाही, ही जमेची बाजू. पण त्याचा लेखापरीक्षक येतो तेव्हा ज्याने घोळ केला त्याची बदली झालेली असते, कधी निवृत्तीही. तो पावत्या आणि कीर्द पाहतो, वस्तीत येऊन रस्ता उकरून पाहत नाही. त्याने घेतलेले आक्षेप वर्षानुवर्षे ‘अनुपालन सादर करावे’ या शेऱ्याखाली पडून राहतात. ज्यांच्या वस्तीचा पैसा गेला त्यांच्या हाती तो अहवाल कधी येतच नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या गावाचे ते १५ टक्के गेल्या वर्षी किती होते आणि कशावर गेले, हे वाचकांपैकी किती जणांना सांगता येईल?

यावर उपाय काय, असे आम्हाला विचारले जाते. उपाय आपल्या जिल्ह्यातच लिहून ठेवलेला आहे. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या भागातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या कलम ४ मधील खंड ‘च’ फार कमी लोक वाचतात. ग्रामपंचायतीने योजनांवर खर्च केलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेतले पाहिजे, असे तो सांगतो. ग्रामसेवकाकडून नाही, अभियंत्याकडून नाही, ग्रामसभेकडून! म्हणजे आरंभी आम्ही ज्या कागदाबद्दल बोललो, त्याच कागदावर सही करण्याचा हक्क आदिवासी बांधवांना कायद्याने दिलेला आहे. प्रत्यक्षात तो किती पाळला जातो हे त्या गावांत जाऊन विचारावे. पुष्कळदा सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते आणि ग्रामसभा झाली असे होते. पण हक्क कागदावर आहे आणि कागदावरचा हक्क न्यायालयात मागता येतो.

आमची मागणी साधी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीच्या नावाने आलेल्या प्रत्येक रुपयाचे उपयोगिता प्रमाणपत्र त्या वस्तीच्या सभेने द्यावे, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि त्या दाखल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम बिल निघू नये. संपूर्ण गावाच्या ग्रामसभेवर हे सोडून चालणार नाही, कारण ग्रामसभेत आपले हात मोजके आणि ज्यांच्या शेतावर मजुरीला जायचे त्यांचे हात जास्त. खैरलांजीनंतरच्या महाराष्ट्रात हे समजावून सांगण्याची गरज नसावी. म्हणून वस्तीची सभा वेगळी, गुप्त मतदानाची सोय असलेली, आणि ती भरवायला तालुक्याबाहेरचा माणूस.

हे अशक्य नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवले आणि ज्यांची नावे वाचली गेली ती माणसे उठून म्हणाली की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. माहिती अधिकाराची चळवळ तेथून उभी राहिली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कलम १७ मध्ये ग्रामसभेचे सामाजिक अंकेक्षण सक्तीचे केले. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत यवतमाळ होता. आंध्र प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र संस्थाच उभारली, गावातल्या तरुण-तरुणींना शिकवून शेजारच्या तालुक्यात तपासणीला पाठवले. मेघालयाने २०१७ मध्ये सर्वच योजनांसाठी सामाजिक अंकेक्षणाचा कायदा केला. महाराष्ट्र तर रोजगार हमीचा जनक, १९७२ च्या दुष्काळात पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती योजना येथे आली. हमी येथे जन्मली आणि तिचा हिशेब मागायला आंध्रात शिकायला जावे लागले. ब्राझील देशाने २००३ पासून जाहीर सोडत काढून नगरपालिका निवडायला सुरुवात केली आणि केंद्राचे तपासनीस तेथे पाठवले. कोणाचा नंबर लागेल हे महापौरालाही ठाऊक नसायचे आणि अहवाल जनतेसाठी खुला असायचा. यवतमाळच्या सोळा तालुक्यांतून दरवर्षी अशा चिठ्ठ्या काढायला किती खर्च येईल? एका साहेबाच्या गाडीच्या डिझेलएवढा.

माहितीचा अधिकार हे आपले हत्यार आहे, पण त्याचीही धार बोथट करणे चालू आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटले की नकार देणे सोपे झाले. विहीर कोणाला मिळाली, मिनी ट्रॅक्टर कोणत्या बचत गटाच्या नावावर निघाला, असे विचारले की लाभार्थ्याचे नाव वैयक्तिक आहे, असे उत्तर येऊ शकते. अशा वेळी हात हलवत परत येऊ नये. अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी आणि रकमा कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या आहेत, हे त्याच कायद्याचे कलम ४ सांगते. आणि व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. अर्जातच ही दोन्ही कलमे लिहावीत. प्रथम अपील तीस दिवसांत आणि दुसरे अपील नव्वद दिवसांत, अमरावती खंडपीठाकडे. तारखा चुकवू नयेत, कारण आपल्या कार्यकर्त्यांची निम्मी प्रकरणे भ्रष्टाचाराने नव्हे तर मुदतीने हरतात.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. अर्ज करताना ‘भ्रष्टाचाराची चौकशी व्हावी’ असे लिहू नये, कारण ते माहिती मागणे होत नाही. कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि उपयोगिता प्रमाणपत्र, एवढे चार कागद मागावेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, तेव्हा अर्ज त्यांच्या नावाने करता येतो, मात्र त्यांना एकटे पाडू नये. पाच-दहा जणांनी वेगवेगळे अर्ज करावेत म्हणजे एकावर राग निघत नाही. नक्कल हाती आली की टेप घेऊन वस्तीत जावे. पुस्तिकेत रस्ता किती मीटर लांब, किती जाड, हे लिहिलेले असते. जाडी पाहायला कडेची माती थोडी उकरली की पुरते. मोजताना मोबाइलवर चित्रीकरण करावे, सरपंचाला आणि ग्रामसेवकाला लेखी बोलवावे, ते आले नाहीत तर तेही लिहून ठेवावे. मग तो मोजमापाचा कागद येत्या ग्रामसभेत इतिवृत्तावर नोंदवून घ्यावा. ग्रामसेवक नाही म्हणाला तर तसे लेखी मागावे आणि दोन्ही कागद नागपूरला महालेखापालांच्या कार्यालयाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेला पोचपावतीच्या डाकेने पाठवावेत. पावती जपून ठेवावी, ती आम्हाला न्यायालयात लागते.